मास्टर्स पहिल्यांदा बघताय? नवी मुंबईतून ऑगस्टा ओळखीचं करून घेण्याची रीत

ऐरोलीच्या ऑफिसात नाइट शिफ्ट करायचो, तेव्हा दरवर्षी एप्रिलमधला एक आठवडा विचित्र शांततेत जायचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला आमचा क्लायंट एरवी रात्री दोन-दोनदा फोन करणारा, पण त्या आठवड्यात ईमेललाही उत्तर द्यायचा नाही. शेवटी विचारलं, तर म्हणाला, ‘मास्टर्स.’ मला वाटलं, पोराच्या पदव्युत्तर परीक्षा असतील.

ती गोल्फची स्पर्धा निघाली. त्या शिफ्टमध्ये काम नसल्यामुळे मी ती बघायला लागलो आणि पहिली दोन वर्षं काही म्हणजे काही कळलं नाही. हिरवळ, टोप्या घातलेली माणसं, कुजबुजत बोलणारे समालोचक. मग चूक लक्षात आली. क्रिकेटसारखं मी आधी खेळाडू ओळखायला बघत होतो. मास्टर्समध्ये आधी जागा ओळखायची असते. गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि द ओपन या तिघी दरवर्षी मैदान बदलतात. मास्टर्स मात्र १९३४ पासून जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात, ऑगस्टा नॅशनल या एकाच क्लबवर भरते. त्यामुळे तिथल्या प्रत्येक वळणावर कुणाची तरी जुनी गोष्ट चिकटलेली आहे. जत्रेला जाणाऱ्याला देऊळ, पार, तळं माहीत असतं, यंदा पालखी कुणाच्या खांद्यावर आहे ते तिथे गेल्यावर कळतं. हेही तसंच.

नेरूळ-वाशीच्या सोफ्यावर बसून पहिल्यांदा मास्टर्स बघणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्या क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: घड्याळ जमवा

स्पर्धा चार दिवसांची, गुरुवार ते रविवार, आणि शेवटचा दिवस बहुतेक वेळा एप्रिलचा दुसरा रविवार. एप्रिलमध्ये ऑगस्टा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे सकाळी पहिले फटके पडतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचा चहा चाललेला असतो.

खरी गंमत रविवारची. संध्याकाळची आयपीएलची मॅच साडेअकराच्या सुमारास संपते आणि मास्टर्सची शेवटची जोडी साधारण बाराच्या आसपास पहिल्या होलवर, म्हणजे भोकापर्यंतच्या पहिल्या टप्प्यावर, येते. म्हणजे चॅनल बदलायला आणि पाण्याची बाटली भरायला तेवढा वेळ मिळतो. निकाल लागतो सोमवारी पहाटे साडेचारच्या आसपास. पावसाने किंवा वादळाने वेळा पुढे-मागे होतात, तेव्हा दुपारीच एकदा बघून ठेवा. थेट प्रक्षेपण यंदा कोणाकडे आहे तेही आठवडाभर आधी तपासा. स्पर्धेच्या स्वतःच्या वेबसाइटवर आणि ॲपवर गुणफलक मिळतोच, शिवाय खेळाडूंचे फटके एकेक करून बघता येतात. ज्यांना जागरण झेपत नाही त्यांनी सकाळच्या लोकलमध्ये तेच बघावं.

सोमवारची रजा आधीच टाका. आजारी असल्याचा मेसेज पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी गेला तर कोणीही ओळखतं.

दुसरी पायरी: आकडे वाचायला शिका

हे दहा मिनिटांचं काम आहे. रोज एक फेरी, एका फेरीत १८ होल. प्रत्येक होल चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत संपवावा हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. ऑगस्टाचा पार ७२. पारपेक्षा एक कमी फटका लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. कमी आकडा चांगला, एवढं डोक्यात पक्कं करा, कारण क्रिकेटवर वाढलेल्या डोक्याला ते उलटं वाटतं. गुणफलकावर लाल आकडा म्हणजे पारपेक्षा कमी, हिरवा म्हणजे जास्त. आपल्याला लाल म्हणजे नापास असं वाटायची सवय, ती चार दिवस बाजूला ठेवा.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पहिले ५० आणि पन्नासाव्या क्रमांकाशी बरोबरी असणारे पुढे जातात, बाकीचे घरी. ही पायरी ‘कट’ म्हणून ओळखली जाते. चार फेऱ्यांचा सर्वांत कमी आकडा २६८, म्हणजे पारपेक्षा २० कमी. तो डस्टिन जॉन्सनने २०२० मध्ये केला. करोनामुळे ती स्पर्धा नोव्हेंबरमध्ये, प्रेक्षकांशिवाय झाली होती. बरोबरी झाली तर जादा होल खेळतात आणि जो पहिल्यांदा पुढे जातो तो जिंकतो.

तिसरी पायरी: ही जागा आली कुठून ते समजून घ्या

इथे थोडं रेंगाळा, पुढचं सगळं यातून निघतं.

बॉबी जोन्स हा अटलांटाचा वकील. पैशासाठी कधीच खेळला नाही, आयुष्यभर हौशी राहिला. १९३० मध्ये त्याने त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षी स्पर्धात्मक गोल्फ सोडलं. प्रसिद्धीला कंटाळलेल्या या माणसाला शांतपणे खेळायला स्वतःचं मैदान हवं होतं. क्लिफर्ड रॉबर्ट्स नावाच्या गुंतवणूक क्षेत्रातल्या मित्राला हाताशी धरून त्याने ऑगस्टामध्ये जागा घेतली. आधी तिथे निळीची लागवड होती, नंतर बर्कमन्स या बेल्जियन घराण्याची फ्रूटलँड नावाची मोठी रोपवाटिका. मैदानाची आखणी अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांच्यासोबत केली.

रोपवाटिकेचा वारसा आजही दिसतो. प्रत्येक होलला झाडाचं नाव आहे: मॅग्नोलिया, कॅमेलिया, अझेलिया, जुनिपर. क्लबहाउसकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा मॅग्नोलियाची जुनी झाडं आहेत. आपल्याकडे सेक्टर आणि प्लॉट नंबरवर पत्ता सांगणाऱ्या माणसाला हे जरा जास्तच काव्यमय वाटतं, पण बाराव्या होलला ‘गोल्डन बेल’ म्हणतात हे एकदा कळलं की तो विसरत नाही.

पहिली स्पर्धा मार्च १९३४ मध्ये झाली आणि हॉर्टन स्मिथ जिंकला. तेव्हा तिचं नाव होतं ‘ऑगस्टा नॅशनल इन्व्हिटेशन’. रॉबर्ट्सला ‘मास्टर्स’ हवं होतं, जोन्सला ते फुशारकीचं वाटायचं. अखेर १९३९ मध्ये तेच नाव अधिकृत झालं. त्या पहिल्या वर्षी आजचे शेवटचे नऊ होल आधी खेळले होते. खालच्या सखल, सावलीच्या भागात सकाळचं दंव उशिरापर्यंत राहायचं म्हणून दुसऱ्या वर्षापासून क्रम उलटा केला. दंवामुळे केलेल्या या अदलाबदलीने सगळे थरारक होल आपोआप शेवटी आले. स्पर्धा १९४३ ते १९४५ ही युद्धाची तीन वर्षं सोडली तर कधी रद्द झालेली नाही.

स्पर्धेला नाव मिळवून दिलं ते एका फटक्याने. १९३५ मध्ये जीन साराझेन तीन फटक्यांनी मागे होता. पंधराव्या होलवर त्याने २३५ यार्डांवरून मारलेला चेंडू थेट भोकात गेला. पार पाचचा होल दोन फटक्यांत संपला आणि तीन फटक्यांची पिछाडी एका झटक्यात भरून निघाली. दुसऱ्या दिवशी ३६ होलचा निर्णायक सामना खेळून तो क्रेग वुडला हरवून जिंकला.

चौथी पायरी: सगळे नाही, पाच होल पाठ करा

अठरा पाठ करायच्या नादात मी एक अख्खं वर्ष घालवलं. पाच पुरे.

अकरावा, बारावा, तेरावा या तीन होलांच्या कोपऱ्याला ‘आमेन कॉर्नर’ म्हणतात. हे नाव १९५८ मध्ये हर्बर्ट वॉरेन विंड या क्रीडालेखकाने दिलं. इथून रेज क्रीक नावाचा ओढा वाहतो.

अकरावा लांब आणि अवघड. १९८७ मध्ये जादा खेळात ग्रेग नॉर्मन जिंकल्यातच जमा होता. तेवढ्यात ऑगस्टातच जन्मलेल्या लॅरी माइझने ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, बरंच बाहेरून हळूच मारलेला चेंडू घरंगळत भोकात गेला.

बारावा हा सगळ्यांत महत्त्वाचा, इथे मोबाइल बाजूला ठेवा. अंतर फक्त १५५ यार्ड, मैदानातला सर्वांत छोटा होल, पार तीन. समोर ओढा, मागे बंकर म्हणजे वाळूचे खड्डे आणि झुडपं, मधे पट्टीसारखं अरुंद ग्रीन. उंच झाडांमध्ये वारा असा फिरतो की अकराव्याचा झेंडा एकीकडे फडकतो आणि बाराव्याचा दुसरीकडे. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ आघाडीवर असताना इथे दोनदा पाण्यात गेला आणि त्याला सात फटके लागले. २०१९ मध्ये शेवटच्या दिवशी मोलिनारी, केप्का, पोल्टर, फिनाऊ असे चांगले चांगले पाण्यात गेले. टायगर वुड्सने झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या मध्याच्या सुरक्षित भागावर चेंडू ठेवला, तिथून दोन हलक्या फटक्यांत (याला पटिंग म्हणतात) काम संपवलं आणि पुढे स्पर्धा जिंकली. माझ्या मते त्या दिवसाचा तोच सर्वोत्तम फटका, जरी बघायला तो अगदीच साधा होता. आणि २०२० मध्ये याच होलवर याच टायगरला दहा फटके लागले.

तेरावा पार पाचचा, अझेलियाच्या फुलांनी भरलेला. ईगल आणि सत्यानाश दोन्ही इथे मिळतात. २०१० मध्ये फिल मिकल्सनने दोन पाइन झाडांमधल्या फटीतून ओढ्यापलीकडे फटका मारला. २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉयने अगदी सोप्या जागेवरून चेंडू ओढ्यात घातला, तेव्हा आमच्या घरात सगळे झोपले होते म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडलो.

सोळावा पार तीन, डाव्या बाजूला तळं. २००५ मध्ये टायगरचा चेंडू भोकाच्या काठावर क्षणभर थांबला आणि मग पडला, तो हाच. सरावाच्या दिवसांत प्रेक्षकांच्या आग्रहाखातर खेळाडू इथे भाकरी-भाकरी खेळतात, म्हणजे आपण तळ्यात चपटे दगड मारायचो तसे चेंडू पाण्यावरून उसळवतात.

अठरावा शेवटचा, चढावर, सुरुवातीला झाडांच्या बोगद्यातून. १९८८ मध्ये सँडी लाइलने इथे बंकरमधून फटका मारून बर्डी केली आणि स्पर्धा जिंकली.

पाचवी पायरी: आठवड्याचे मानकरी

गुरुवारी खेळ सुरू होण्याआधीच अर्धी स्पर्धा झालेली असते, असं मला वाटतं.

मंगळवारी रात्री माजी विजेत्यांचं जेवण. बेन होगनने १९५२ मध्ये सुरू केलेली ही पंगत. बेत ठरवायचा मान गतविजेत्याचा. सँडी लाइलने आपल्या स्कॉटलंडचं हॅगिस वाढलं, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा प्रकार. वजडी खाणाऱ्यांना ते समजेल. टायगर पहिल्यांदा जिंकला तेव्हा २१ वर्षांचा होता, त्याने चीजबर्गर आणि मिल्कशेक ठेवले. फिजीचा विजय सिंग जिंकल्यावर थाई जेवण होतं. नको असेल त्याला क्लबचं नेहमीचं जेवण मागवता येतं, लग्नात पंजाबी बेत असला तरी एखाद्या आजोबांसाठी वरणभात निघतो तसं.

बुधवारी पार-तीनची छोटी स्पर्धा, १९६० पासून. इथे खेळाडूंची मुलं पांढरे झगे घालून बॅगा ओढतात. ती जिंकणारा त्याच वर्षी मास्टर्स जिंकलाय, असं आजवर कधीच झालेलं नाही. त्यामुळे काही जण मुद्दामच शेवटी हलगर्जी करतात, अशी चेष्टा चालते.

गुरुवारी सकाळी जुने दिग्गज पहिला फटका मारून उद्घाटन करतात. सध्या हा मान जॅक निकलस, गॅरी प्लेअर आणि टॉम वॉटसन यांचा. निकलस सहा वेळा जिंकला, शेवटचा विजय १९८६ चा, वयाच्या ४६ व्या वर्षी. हा प्रसंग आपल्याकडे संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास असतो, म्हणजे जागरण न करता बघण्यासारखा.

जोन्स हौशी असल्यामुळे हौशी खेळाडूंना इथे खास जागा आहे. क्लबहाउसच्या माळ्यावर ‘क्रोज नेस्ट’ नावाच्या खोलीत त्यांची राहायची सोय असते आणि अमेरिकन हौशी विजेत्याला पहिल्या दोन दिवशी गतविजेत्यासोबत खेळायला मिळतं.

सहावी पायरी: हिरव्या कोटाचे नियम

क्लबच्या सभासदांनी हिरवा कोट १९३७ पासून घालायला सुरुवात केली, गर्दीत कुणाला काही विचारायचं असेल तर सभासद ओळखू यावा म्हणून. विजेत्याला तो पहिल्यांदा १९४९ मध्ये सॅम स्नीडला मिळाला. गतविजेता नव्या विजेत्याला कोट चढवतो. विजेता वर्षभर तो घरी ठेवू शकतो, नंतर कोट क्लबमध्ये राहतो आणि तिथे गेल्यावरच घालायचा. महाराष्ट्र केसरीची गदा घरी शोकेसमध्ये राहते. इथे उलट, वस्तू तिथे राहते आणि माणसाला परत यावं लागतं. कोटासोबत जन्मभर खेळण्याचं आमंत्रणही येतं.

गतविजेताच पुन्हा जिंकला तर? १९६६ मध्ये निकलसच्या बाबतीत हा पेच पहिल्यांदा आला. त्याने स्वतःच कोट चढवला. पुढे १९९० मध्ये निक फाल्डो आणि २००२ मध्ये टायगर, तेव्हा क्लबच्या अध्यक्षांनी ते काम केलं.

सातवी पायरी: प्रेक्षकांकडे बघा

त्यांना तिथे प्रेक्षक म्हणत नाहीत, ‘पेट्रन्स’ म्हणतात. १९६६ मध्ये एका समालोचकाने गर्दीला ‘मॉब’ म्हटलं आणि पुढची काही वर्षं त्याला तिथे बोलावलं नाही. मैदानात मोबाइल नेता येत नाही, म्हणून कॅमेऱ्यात हात वर करून शूटिंग करणारा एकही माणूस दिसणार नाही. पहिल्यांदा बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पळायला बंदी आहे, म्हणून सकाळी दारं उघडली की लोक पळू नये पण मागेही पडू नये अशा चालीने निघतात. कुर्ला स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊ वाजता ही चाल कोणालाही शिकता येईल.

मला सगळ्यांत आवडणारी रीत खुर्चीची. सकाळी आपली घडीची खुर्ची ग्रीनशेजारी लावायची आणि दिवसभर कुठेही फिरायचं. रिकामी असेल तोवर दुसरा कोणीही बसू शकतो, पण मालक आला की निमूट उठायचं. पनवेल लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. तो पाळला जातो, एवढंच नवं वाटेल.

खाणंही जुन्या भावात. पिमेंटो चीज सँडविच दीड डॉलरला. घरी हवं असेल तर किसलेलं चीज, मेयोनीज आणि लाल सिमला मिरची भाजून बारीक चिरून ब्रेडमध्ये भरा. रात्री दोनला बरं लागतं. माझ्या बायकोने त्यात हिरवी मिरची घातली आणि ते सुधारलं.

आठवी पायरी: फुलांमागचं बघायला विसरू नका

समालोचन ऐकून वाटेल, ही जागा म्हणजे स्वर्गच. तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला तो १९७५ मध्ये. म्हणजे स्पर्धा सुरू होऊन ४१ वर्षांनी. १९८२ पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी, म्हणजे बॅग वाहणारे मदतनीस, घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय असत. पांढरे झगे घालून पिशव्या वाहणारी माणसं एका रंगाची, खेळणारी दुसऱ्या. पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये, पहिल्या महिला सभासद २०१२ मध्ये. १९९७ मध्ये टायगर १२ फटक्यांनी जिंकला तेव्हा एल्डर मुद्दाम बघायला आले होते. २०२१ मध्ये त्यांना उद्घाटनाचा मान मिळाला, तब्येतीमुळे त्यांना फटका मारता आला नाही, पण खुर्चीतून उठून त्यांनी अभिवादन केलं. परंपरा म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातलं कुठलं कोणाला बाहेर ठेवण्यासाठी होतं, हा प्रश्न मनात ठेवूनच मी ही स्पर्धा बघतो. आवडणं कमी होत नाही, भाबडेपणा कमी होतो.

आपल्याकडचं खातंही छोटंसं आहे. मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय जीव मिल्खा सिंग, २००७ मध्ये. नंतर अर्जुन अटवाल, अनिर्बन लाहिरी आणि २०१८ मध्ये खास आमंत्रणावरून शुभंकर शर्मा. आशियाई विजेता एकच, जपानचा हिदेकी मात्सुयामा, २०२१. तो जिंकल्यावर त्याच्या कॅडीने अठराव्याचा झेंडा जागेवर ठेवला, टोपी काढली आणि मोकळ्या मैदानाकडे वळून वाकून नमस्कार केला. शेताला, रंगमंचाला, आखाड्याच्या मातीला पाया पडणाऱ्या घरातून आपण आलेलो असतो, त्यामुळे तो क्षण कोणी समजावून द्यावा लागला नाही.

नववी पायरी: ती रविवारची रात्र

बाराला बसू नका. सवय नसेल तर जेवून झोपा आणि दोनचा गजर लावा, कारण शेवटची जोडी मधल्या टप्प्यावर तेव्हा येते आणि स्पर्धा खरी तिथून पुढे सुरू होते. पावणेतीनच्या सुमारास बारावा होल. आघाडी कितीही मोठी असली तरी टीव्ही बंद करू नका. १९९६ मध्ये नॉर्मन सहा फटक्यांनी पुढे होता आणि पाच फटक्यांनी हरला.

एक खेळाडू आधीच निवडून ठेवा, आणि शक्यतो जुनी जखम असलेला. मॅकिलरॉय २०११ मध्ये शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे असताना ८० फटके खेळून कोसळला. त्यानंतर १४ वर्षं तो परत परत तिथेच येत राहिला. २०२५ मध्ये आघाडी घेतली, घालवली, परत घेतली, अठराव्यावर पुन्हा घालवली आणि जादा होलवर जस्टिन रोझला हरवून गुडघ्यांवर पडून रडला. २०११ ठाऊक नसता तर ते नुसतं एक पटिंग होतं.

गुणपत्रिकेवर सही होईपर्यंत निकाल पक्का धरू नका, हेही लक्षात असू द्या. १९६८ मध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दी व्हिसेंझोच्या पत्रिकेवर जोडीदाराने सतराव्या होलला तीनऐवजी चार लिहिले. त्याने न तपासता सही केली आणि बरोबरीत येण्याऐवजी एका फटक्याने दुसरा आला. शाळेत ‘पेपर तपासून दे’ म्हणणाऱ्या बाईंना हा किस्सा सांगायला हवा होता.

यानंतर

स्पर्धा संपल्यावर हात शिवशिवले तर खारघरला पांडवकड्याच्या डोंगराखाली सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. जाण्याआधी नवशिक्यांसाठी काय सोय आहे ते फोन करून विचारा, कॉलरचा टी-शर्ट घाला आणि पहिल्या दिवशी चेंडूपेक्षा गवतच जास्त उडेल हे गृहीत धरा.

तेही जमणार नसेल तर सोमवारी ऑफिसला जाताना प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहा. बारा डब्यांची लोकल आली की पहिल्या डब्यापासून सात डबे मोजा. बाराव्या होलचं अंतर साधारण तेवढंच आहे. सातव्या डब्याच्या दारात एक पंगत वाढण्याएवढी हिरवळ आहे, तिच्या अलीकडे पाणी, आणि वारा कुठून येतोय ते कळत नाही असं समजा.

मी दर वर्षी मोजतो. मनातल्या मनात आजवर एकदाही पाण्यापलीकडे गेलेलो नाही.